हाताची सवय

लातूर वेगळा जिल्हा होऊन चौथे वर्ष सरत आले होते. एस. टी.च्या पाट्यांवरील उस्मानाबादचे नाव खरवडून तेथे नवे नाव रंगवले गेले होते. परंतु उन्हाने रंग फिका पडला की खालची जुनी अक्षरे पुन्हा डोकावत. अशाच एका गाडीतून वैशाखातल्या एका दुपारी पंचशीला मुरुडच्या थांब्यावर उतरली. तिच्यामागे विलायतेहून तीन दिवसांचा प्रवास होता आणि पुढे अडीच कोसांवर पळसखेडी. दोन पावसाळे कोरडे गेलेल्या त्या मुलखात पाखरांचाही आवाज नव्हता.

तिचे वडील साहेबराव सकाळपासून थांब्यावर येऊन बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षे शिपाई म्हणून चाकरी करून ते निवृत्त झाले होते. चाकरी सुटली, तरी इस्त्रीचा पांढरा सदरा आणि ताठ मान सुटली नव्हती.

"वाळलीस, शीला," ते म्हणाले.

"तुमीच वाळलाव, बाबा. माय कशी हाय?"

"हाय." साहेबरावांनी तिची पेटी उचलली. "जबान जराशी उघडलीय. उजवं अंग गेलं ते गेलंच. नांदेडाला ज्ञानूनं दीड महिना ठिवून घेतलं. मग डॉक्टर मनले, आता घरीच न्या."

ज्ञानोबा हा पंचशीलेचा धाकटा भाऊ. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर तो मुकादम होता. आईला पक्षाघात झाल्याचे पत्र त्यानेच धाडले होते, आणि पत्राच्या शेवटी एकच ओळ अशी लिहिली होती की ती वाचून पंचशीलेने त्याच दिवशी रजेचा अर्ज केला: 'अक्का, पाठीला जखम झाली आहे.'

गावचे शेतकरी व्यंकटराव मुरुडला कडब्यासाठी गाडी घेऊन आले होते. कडबा मिळाला नव्हता. रिकाम्या गाडीत त्यांनी बापलेकीला घेतले.

"काय सिस्टरबाई, तुमच्या मुलखाची राणी बरी हाय का?"

"मला कुठं भेटायलीय ती, काका!"

"आँ? मी तर गावात सांगून बसलो, पंचशीला तिला रोज सुई टोचते म्हनून." व्यंकटराव स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. "बरं, तिथं तुज्या हाताखाली किती मान्सं?"

पंचशीलेने तोंड उघडण्याआधीच साहेबराव बोलले. "अठ्ठावीस खाटा हायत तिच्याकडं. ही नुसतं लिव्हते. बाकीच्या करतेत."

पंचशीला बैलांच्या वर आलेल्या हाडांकडे पाहत राहिली.

अठ्ठावीस खाटा खऱ्या होत्या. इंग्लंडात दोन वर्षे शिकून पुढे ती स्कॉटलंडातल्या एका गावी, वृद्धांच्या विभागात नोकरीला लागली होती. तेथे येणारा रोगी बहुधा परत घरी जात नसे. सकाळी सात वाजता दोघी दोघी परिचारिका खाटांच्या ओळीने निघत. प्रत्येकाचे अंग पुसायचे, ओली चादर काढून कोरडी घालायची, शौचाचे भांडे द्यायचे आणि न्यायचे, कवळी धुवायची, घास भरवायचा. दर दोन तासांनी साऱ्या विभागाची कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. जो गेला त्यालाही तितक्याच निगुतीने धुऊन, केस विंचरून, मगच पुढे पाठवायचे. आणि पाळी संपताना प्रत्येकाच्या कागदावर दोन ओळी लिहायच्या. नऊ वर्षांत तिने घरी जी पत्रे लिहिली, त्यांत खोटे असे काही नव्हते. तिने त्या दोन ओळींविषयी लिहिले, त्यांच्या आधीच्या सात तासांविषयी कधीच लिहिले नाही.

याला कारण होते. नांदेडला काय, लातूरला काय, दवाखान्यातली सिस्टर म्हणजे टेबलाशी बसणारी, सुई देणारी, नातेवाइकांना दटावणारी बाई. रोग्याची घाण काढायची ती घरच्या माणसांनी, नाहीतर सफाईवाल्यांनी. आणि ते सफाईवाले कोणत्या वस्तीतून येतात हे कुणाला विचारावे लागत नसे. साहेबरावांनी लेकीला परिचारिका होऊ दिले ते ही सिस्टर डोळ्यांपुढे ठेवून. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर पळसखेडीच्या बौद्ध वस्तीने मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडले होते. गावाने तेव्हा वर्षभर वस्तीला ना काम दिले ना दाणा. त्या वर्षी अठ्ठावीस वर्षांचे साहेबराव वस्तीपुढे उभे राहून म्हणाले होते की, दुसऱ्याची घाण ह्या हातांनी आता उचलायची नाही, आणि माझ्या पोराबाळांच्या हातांनी तर नाहीच नाही. त्याच वर्षी त्यांचे पहिले मूल उपासमारीत गेले. म्हणून हा शब्द त्या घरात नुसता शब्द नव्हता. त्याची किंमत एका तान्ह्या जिवाने चुकवली होती, आणि पंचशीला त्यानंतर जन्मलेली.

घरात पाऊल टाकताच तिला तो वास आला. नऊ वर्षांच्या अनुभवाने तिला तो उंबऱ्यातच कळला, आणि कोणत्या अवस्थेतल्या जखमेचा आहे हेही कळले.

धुरपताबाई खाटेवर उताण्या पडल्या होत्या. एकेकाळी दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन येणारी ती धिप्पाड बाई आता गोधडीत कुठे संपते ते शोधावे लागत होते. लेकीला पाहून त्यांचा डावा हात वर झाला.

"आली," त्या जड जिभेने म्हणाल्या. "माजी... सिस्टर आली."

शेजारच्या सुमनबाई खाटेच्या पायाशी बसल्या होत्या. वयाने धुरपताबाईंएवढ्याच, पण काटक. महिनाभर सकाळ-संध्याकाळ येऊन धुरपताबाईंचे सारे त्याच करीत, कुणी न सांगता. पंचशीलेने त्यांच्या पायाला हात लावला आणि लगेच म्हणाली, "मावशी, मायला जरा कुशीवर घ्या. मला पाठ बघू द्या."

सुमनबाईंनी धुरपताबाईंचा दंड धरून ओढला. धुरपताबाई कण्हल्या. कमरेच्या खाली, माकडहाडावर, तळहाताएवढी जखम होती. कडा काळ्या आणि मधे ओल. पंचशीलेचे हात आपोआप पुढे झाले.

"शीला," साहेबराव दारातून म्हणाले, "तू खुर्चीवर बस. काय करायचं ते सांग. सुमनबाई करत्याल."

त्यांनी शेजाऱ्याकडून एक लोखंडी खुर्ची आणून ठेवली होती. वस्तीतल्या चार बाया दाराशी उभ्या होत्या, विलायतेहून आलेली सिस्टर पाहायला. त्यांच्यापुढे बापाचा शब्द मोडणे पंचशीलेला जमले नाही. ती खुर्चीवर बसली.

तीन दिवस ती त्या खुर्चीवर बसली. या तीन दिवसांचा हिशेब तिला पुढे आयुष्यात कधीच स्वतःशी मिटवता आला नाही. ती सांगे आणि सुमनबाई करीत. परंतु जे हातांना वर्षानुवर्षांच्या सरावाने कळते ते जिभेने किती सांगणार?

"दंडाला वढू नका, मावशी. खांद्यामागं एक हात, कुल्ल्यामागं एक."

"आगं, मंग पडंल की ती माज्या अंगावर!"

"पडत न्हाई. पुसताना घासू नका, नुसतं टिपून घ्या."

"टिपून घ्या, टिपून घ्या! तुज्या राणीच्या देशात बाया खुर्चीवर बसूनच धुनं धुतेत का गं?" सुमनबाई रागाने म्हणाल्या, आणि मग आपणच ओशाळून हसल्या. "माजे हात गौऱ्या थापायचे, बाई. मला हे नाजूक काम व्हत न्हाई."

तिसऱ्या दिवशी जखमेची काळी कड बोटभर पुढे सरकली. साहेबराव संध्याकाळी अंगणात बसून लेकीला सांगत होते, "लातुराला मोठा दवाखाना व्हायलाय. नवा जिल्हा, नव्या सिस्टरी लागत्याल. तू अर्ज भर. मायच्या जवळ राहशील." पंचशीला म्हणाली, "बघू, बाबा." तिच्या कानांत आत कण्हणाऱ्या आईशिवाय काही शिरत नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी टँकर आला. पळसखेडीला तो एक दिवसाआड येई आणि माणशी दोन घागरींपलीकडे पाणी मिळत नसे. सारी वस्ती रांगेला गेली, साहेबरावही आणि सुमनबाईही. घरात मायलेकीच उरल्या, आणि त्याच वेळी धुरपताबाईंचे अंथरूण खराब झाले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. "सुमनला... बोलाव," त्या पुटपुटल्या.

पंचशीलेने दार लोटून घेतले आणि पदर खोचला.

घरात सकाळचे एक तांब्या पाणी शिल्लक होते. तेवढे तिला पुरले. तिने जुन्या लुगड्याचे तुकडे घेतले, अर्धे पाणी वाटीत वेगळे काढले आणि आईच्या अंगावर एक स्वच्छ चादर टाकून तिच्याखालून काम सुरू केले. जो अवयव पुसायचा तेवढाच उघडा, बाकीचे सारे अंग झाकलेले. आधी तोंड, मग हात, मग छाती, मग पाय. प्रत्येक भाग पुसून कोरडा झाला की पुन्हा झाकला जाई. खांद्यामागे आणि कमरेमागे हात घालून तिने आईला कुशीवर घेतले. धुरपताबाई या वेळी कण्हल्या नाहीत. मळलेले अंथरूण पाठीशी गुंडाळत नेऊन त्याच हातासरशी तिने कोरडे पसरले, आईला त्यावर हलकेच लोटले आणि पलीकडून जुने काढून घेतले. रोगी खाटेवरच, आणि खालचे सारे बदललेले. उरलेल्या पाण्यात मीठ घालून तिने जखम धुतली. मग केस विंचरून सैल वेणी घातली.

धुरपताबाई इतका वेळ लेकीच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या. त्या तिच्या हातांकडे पाहत होत्या. रोज भाकरी थापणारीला दुसरीची भाकरी पाहून ती किती वर्षे थापते आहे ते कळते, तसे त्यांना कळले.

"हाताला... सवय हाय," त्या म्हणाल्या.

पंचशीलेने मान खाली घातली. "हाव, माय."

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून."

धुरपताबाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळून कानात गेले. ते लेकीने टिपले. शेवटी त्या म्हणाल्या, "लई... हलका हात हाय. तुज्या बाला... सांगू नको."

त्यानंतर मायलेकींचा एक गुपचूप परिपाठ सुरू झाला. साहेबराव पाण्याला जात, सकाळी विहारात वंदनेला जात, दुपारी चावडीवर वर्तमानपत्र वाचायला जात. तेवढ्या वेळात पंचशीला आपले काम करी. सुमनबाईंना सांगणे भागच होते. त्या ऐकून एवढेच म्हणाल्या, "मला काय, मी तुज्या कामाचं पुण्य घिते!" आणि दारात राखणीला बसू लागल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची तेव्हा साहेबराव घरी असले, तर सुमनबाई हात घालीत आणि पंचशीला खाटेच्या पलीकडून, गोधडी नीट केल्यासारखे करून, सारा भार स्वतः उचली. पाच दिवसांत जखमेची ओल आटली. सहाव्या दिवशी काळ्या कडेच्या आत एक बारीक गुलाबी रेघ दिसली. पंचशीलेने सुमनबाईंना हाक मारून ती दाखवली.

दुसऱ्या दिवशी टँकर मध्येच बिघडला आणि साहेबराव रिकाम्या घागरी घेऊन लवकर परतले.

पंचशीला घरामागच्या खड्ड्याकडे निघाली होती. तिच्या हातात झाकलेले भांडे होते. दारातल्या सुमनबाई खोकल्या, पण उशीर झाला होता. साहेबरावांनी घागरी खाली ठेवल्या. त्यांनी आधी भांड्याकडे पाहिले, मग खोचलेल्या पदराकडे, मग लेकीच्या चेहऱ्याकडे.

"कवाधरनं?"

"सहा दिवस."

"ते न्हाई इचारलं." साहेबरावांचा आवाज शांत होता. "असं भांडं धरायला सहा दिवसांत येत न्हाई. मी शिपाई हाय, गडीमान्साचं काम वळखतो. तिकडं कवाधरनं?"

तेव्हा पंचशीलेने सारे सांगितले. भांडे खाली ठेवून, उन्हात उभी राहून, विद्यार्थ्याने गुरुजींपुढे सांगावे तसे ओळीने सांगितले. साहेबराव ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारले, "कोनाची? कोनाची घान काढतीस?"

"म्हाताऱ्या मान्सांची. कोन खाणीतला मजूर हाय, कोन मास्तरीण हाय."

"आन तुज्यासंगं ह्या कामाला कोन कोन असतेत?"

"समद्याच असतेत, बाबा. गोऱ्या पोरी बी."

"त्या कोन्या जातीच्या?"

पंचशीलेला हसूही आले नाही. "तिथं जात न्हाई, बाबा. तिथं हे काम म्हंजेच नर्स. खरंच सांगते."

"समद्या सारख्या?"

इथे ती अडखळली. हाही प्रश्न तिने टाळला असता, तर त्यांना कळले नसते. पण खोटेपणाची तिला आता शिसारी आली होती. "सारख्या न्हाईत. दोन वह्या हायत तिथं नर्सांच्या. वरची तीन वर्षं शिकलेल्यांची, खालची दोन वर्षं शिकलेल्यांची. बाहेरून गेलेल्या आमाला कोनी सांगितलंच न्हाई. खालच्या वहीत नाव घातलं. नंतर कळलं. वरच्या वहीवाल्या पुढं मोठ्या व्हतेत. आमी खाटेपाशीच."

"मंजे हाय," साहेबराव म्हणाले.

"बाबा..."

"मंजे हाय की. तिथं बी हाय." ते ओसरीच्या कडेवर बसले. "म्हनून लातूरचा अर्ज भरंनास व्हय?"

"त्या खालच्या वहीचा कागद इथं चालत न्हाई."

मग साहेबराव उठले, वाकले आणि ते भांडे त्यांनी स्वतः उचलले. तीस वर्षांत त्यांनी असे काही हातात धरले नव्हते. त्यांचा इस्त्रीचा सदरा त्याला लागू नये म्हणून हात लांब धरताना भांडे किंचित हिंदकळले. "ह्या घरात हे काम तू करायचं न्हाईस," ते म्हणाले. "तिकडं तू काय करतीस ते मला दिसत न्हाई. हितं माज्या डोळ्यांपुढं न्हाई. मी करीन. मला सांग कसं करायचं ते."

दुसऱ्या दिवसापासून साहेबराव पत्नीची शुश्रूषा करू लागले. त्यांनी ती मनापासून केली, यात शंका नाही. ते हळू होते, दहादा विचारीत होते. परंतु जिने चाळीस वर्षांत नवऱ्यापुढे कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्या बाईला त्याच नवऱ्याच्या हातून हे करून घेणे म्हणजे मरणाआधीचे मरण होते. साहेबराव जवळ आले की धुरपताबाई डोळे गच्च मिटून घेत आणि डाव्या हाताने पातळ घट्ट धरून ठेवीत. त्या खाईनाशा झाल्या. खाल्लेच नाही तर भांडे लागणार नाही, असे त्यांनी ठरवलेले दिसे. दोन दिवस पेज तोंडाशी नेली की ओठ मिटलेले.

पंचशीलेने आयुष्यात अनेक रोगी असे पाहिले होते. ते का खात नाहीत हे तिला कागद न पाहता कळे.

तिसऱ्या सकाळी साहेबराव वाटीत पाणी घेऊन आत येत होते. ती दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, बाहेर बसा."

"बाजूला सर, शीला."

"न्हाई सरत. ती लाजंनं उपाशी मरायलीय. तुमाला दिसत न्हाई का?" तिचा आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदाच बापापुढे चढला. "तुमी शब्द पाळा. मला माजी माय सांभाळू द्या."

साहेबरावांनी वाटीतले पाणी न सांडता ती वाटी तिच्या हातात दिली. त्या दुष्काळात पाणी सांडणे त्यांना रागाच्या भरातही शक्य नव्हते. मग ते अंगणात लिंबाच्या सावलीत जाऊन बसले आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलले नाहीत.

धुरपताबाईंनी त्या दुपारी पेज घेतली. पुढे त्या आठ दिवस जगल्या. जखम भरायला महिने लागले असते, आणि महिने त्यांच्यापाशी नव्हते. परंतु वास गेला होता, अंथरूण कोरडे होते, आणि कुशीवर घेताना त्या कण्हत नव्हत्या. एकदा लेकीचा हात हातात घेऊन त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, बाजारात वस्तू पारखावी तसा. "तिथल्या म्हाताऱ्या... नशिबाच्या," त्या म्हणाल्या. नवव्या दिवशी उजाडल्यावर, वेणी घालून होत असताना, त्यांचा श्वास थांबला. पंचशीलेला तो थांबण्याआधीच कळले होते. तिने वेणी पुरी केली आणि मग सुमनबाईंना हाक मारली.

त्या दिवशी टँकरचा वार नव्हता. वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक एक तांब्या पाणी आले. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला आणि पंचशीलेने आईला अखेरचे स्नान घातले. बाया तिचे हात पाहत होत्या. बाहेर माणसांत साहेबराव मान ताठ ठेवून बसले होते. पाण्याचा आवाज त्यांना ऐकू येत असणारच.

विष्णुपुरीहून ज्ञानोबा सायंकाळपर्यंत पोहोचला. काही दिवसांनी जलदान विधी झाला, पाहुणे पांगले. पंचशीलेच्या परतीला दोन दिवस उरले. त्या सकाळी साहेबरावांनी आतून हाक मारली, "ज्ञानू, इकडं ये. आन तुज्या बहिनीला बी बोलाव."

ते धुरपताबाईंच्या रिकाम्या खाटेवर बसले होते. बोलले ते मुलाशी, भिंतीकडे पाहून. "हिला सांग, तुला शिकवाय. कूस बदलायचं, धुवायचं, चादर काढायची. समदं."

ज्ञानोबा गडबडला. "बाबा, तुमी तर ठणठणीत हाव की!"

"म्हनून तर. मी पडलो मंग शिकशील व्हय?" मग पंचशीलेकडे पहिल्यांदा वळून ते म्हणाले, "माजा वखत आला की तू इमानात बसून येशील. मला ठाव हाय. येऊ नको. माजं हे तू करायचं न्हाई. हा करील. पर नीट करायला पायजे त्यानं. तुज्या मायचं झालं तसं."

"बाबा, मी..."

"शिकव, शीला."

साहेबराव आडवे झाले. दिवसाढवळ्या, दार उघडे असताना, अंगात सदरा असलेला तो निरोगी म्हातारा हात छातीवर ठेवून उताणा पडला आणि त्याने अंग सैल सोडले. ज्ञानोबाने त्यांचा दंड धरून ओढला. साहेबरावांच्या कपाळाला आठी पडली.

"वढू नको, ज्ञानू," पंचशीला म्हणाली. "आधी गुडघा वाकव. एक हात खांद्यामागं. दुसरा हितं, कमरंला. आता तुज्याकडं घे. बळ लावू नको, त्यांच्याच भारानं येऊ दे."

"कळंना, अक्का. एकदा दाव तू."

पंचशीलेने वडिलांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. तिने हात घातले आणि साहेबराव कुशीवर वळले, जणू स्वतःहूनच वळले. नऊ वर्षांत तिने किती पाठी पाहिल्या त्याला गणती नव्हती. ही पाठ तिने कधी पाहिली नव्हती. सदऱ्याखालून मणके हाताला लागत होते. तिचा तळवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये टेकला होता, आणि शिकवण्यापुरता जेवढा वेळ लागतो त्याहून बराच अधिक वेळ तो तेथे राहिला. साहेबरावांचा श्वास तिच्या हाताखाली एकदा अडला आणि पुन्हा सुरू झाला.

"आता ज्ञानूला करू दे," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

तिने हात काढून घेतला. ज्ञानोबाने आपला ठेवला. तो जड होता, चुकीच्या जागी होता. ती एक पाऊल मागे सरली आणि त्याला सांगू लागली: थोडा वर, ज्ञानू, अजून वर, आता सावकाश.